न झालेल्या लेक्चरवरच्या सह्या

लान्स नायक जयेश मढवी, राहणार बोनकोडे, नवी मुंबई, याच्यावर अन्याय झाला तो शुक्रवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. त्या वेळी तो धडधाकट होता. हातात गेरूचा ब्रश होता. समोर आलेल्या कागदावर त्यानं सही केली आणि पुन्हा दगड रंगवायला बसला. तो कागद मी धरला होता. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यात मी कुणाला सोडलेलं नाही. स्वतःला तर नाहीच.

मी तेव्हा नायक होतो, पलटणीच्या एमआय रूममध्ये, म्हणजे फौजेच्या दवाखान्यात, नर्सिंग असिस्टंट. आता वय एकोणतीस. गुडघा गेला, मेडिकल बोर्ड झाला आणि मी खांदेश्वरला घरी आलो. इथं आम्ही पाच जण मिळून एक पानी पत्रक वाटतो. परदेशी कामाला निघालेल्या माणसानं निघण्यापूर्वी काय करायचं, एवढंच त्यात आहे. लोक म्हणतात, एवढी चिडचिड कशाला? सांगतो.

मागच्या महिन्यात तुर्भ्याला एका एजंटच्या हॉलवर गेलो होतो. खाली टायरचं दुकान, वर हॉल. अकरा माणसं आफ्रिकेत निघालेली. क्रेन ऑपरेटर, वेल्डर, दोन स्वयंपाकी. एजंटनं 'सेमिनार' ठेवला होता. पंचवीस मिनिटं तो बोलला. कॉलरचा शर्ट घाला. विमानतळावर गुटखा खाऊन उभे राहू नका. लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत ठेवू नका. इमिग्रेशनवाल्यानं विचारलं तर हसून उत्तर द्या. मग प्रत्येकाच्या हातात एक फॉर्म आला: मला आरोग्य, कायदा व सुरक्षिततेची संपूर्ण माहिती देण्यात आली आहे. खाली सही.

मी उभा राहिलो आणि विचारलं, यलो फीव्हरची लस कुणाकुणाला टोचली? एजंट म्हणाला, कार्ड सगळ्यांची तयार आहेत. मी म्हटलं, कार्ड नाही विचारलं, सुई विचारली. एकही हात वर आला नाही. मग मलेरियाचं विचारलं. तर तो माणसांकडे बघून म्हणाला, "भाऊ, तुर्भ्यात राहून मलेरियाला घाबरता तुमी?"

अख्खा हॉल हसला. मला किळस आली. त्या एजंटची आलीच, पण जास्त त्या हशाची आली. कारण हाच विनोद मी एकदा ऐकला होता आणि मीही असाच हसलो होतो.

आता पलटणीकडे येतो.

आमच्या पलटणीला निळ्या टोपीची ड्युटी मिळाली. शांतिसेनेत, आफ्रिकेतल्या एका देशात, एक वर्ष. देशाचं नाव लिहीत नाही, ती सवय अजून सुटलेली नाही. जाण्यापूर्वी सहा आठवडे उत्तरेतल्या एका कॅम्पात ट्रेनिंग होतं. पाचला उठणं, साडेपाचला पीटी, नऊ ते चार लेक्चर आणि ड्रिल. गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूनं चालवायची. तिथल्या भाषेतली वीस वाक्यं. गाडीतून मुलांकडे बिस्किटं फेकायची नाहीत. कुणाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. नाक्यावर हत्यारबंद माणूस भेटला तर हात कुठं ठेवायचे. सगळं व्यवस्थित शिकवलं. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या तीन आठवडे आधी प्रत्येकाला टोचली. मी स्वतः रांग लावली. ती का झाली, तर कार्डाशिवाय विमानात घेत नाहीत. ज्याच्यावाचून विमान अडतं ते काम होतंच. ज्याच्यावाचून फक्त माणूस मरतो ते मागं राहतं.

मागं राहिलं ते शुक्रवारचं लेक्चर. टाइम टेबलवर लिहिलेलं होतं, १४:३० ते १५:१५, 'आरोग्य: निघताना, तिथे, परतल्यावर'. आमचे आरएमओ, म्हणजे पलटणीचे डॉक्टर, कॅप्टन होते. हळू बोलणारा, चष्मेवाला माणूस. त्यांनी त्यासाठी दोन दिवस तयारी केली होती. त्यातली शेवटची दहा मिनिटं परतल्यानंतरच्या मलेरियावर होती. मला त्यांनी आधी समजावलं होतं, कारण तक्ते मी धरणार होतो. डास तिकडं चावतो, ताप इकडं येतो. मलेरियाचा जंतू यकृतात लपून बसतो आणि कधी कधी तीन-चार आठवड्यांनी रक्तात उतरतो. रोजची कॅप्सूल त्याला रक्तात उतरल्यावर मारते. म्हणून तो देश सोडल्यावरही पूर्ण अठ्ठावीस दिवस ती घ्यायचीच. आणि त्या काळात ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य सांगायचं की मी कुठून आलो. बस. इतकंच.

शनिवारी अकरा वाजता एक मोठे साहेब येणार होते. कॅम्पातला प्रत्येक दगड गेरू-चुन्यानं रंगवायचा हुकूम निघाला. दोन वाजून दहा मिनिटांनी आमचे कंपनी हवालदार मेजर आले आणि म्हणाले, हॉलमध्ये खुर्च्या धुतल्या जातायत, लेक्चर रद्द. आरएमओ साहेब भांडले. वरपर्यंत गेले. पुढच्या आठवड्यात बघू, असं उत्तर आलं. पुढच्या आठवड्यात आम्ही विमानात होतो.

पण हजेरीचा रोल चार वाजेपर्यंत वर जायचा होता. एकशे अठरा नावं.

हवालदार मेजर मला म्हणाले, "लेक्चर उधर हो जाएगा. साइन इधर चाहिए."

मी म्हटलं, "जी साब."

आणि निघालो. माणसं दगडांपाशी बसली होती, तिथं तिथं जाऊन कागद पुढं केला. जयेश क्वार्टर गार्डच्या, म्हणजे पहाऱ्याच्या चौकीच्या, वळणावर होता. आमची ओळख भरतीच्या आधीची, कोपरखैरण्याच्या मैदानावर दोघं एकत्र धावायचो. तो मला कंपाउंडर म्हणायचा. सगळी पलटण नर्सिंग असिस्टंटला 'डॉक्टर साहब' म्हणते, हा एकटा कंपाउंडर.

"काय रं कंपाउंडर, कशाची सही?"

"मलेरियाच्या लेक्चरची."

"कसा झाला लेक्चर?"

"एक नंबर."

दोघं हसलो. त्यानं सही केली. बोटाचा गेरू कागदाला लागला. मी घड्याळ बघितलं, तीन दहा. अजून चाळीस नावं बाकी होती.

संध्याकाळी आरएमओ साहेबांनी मला बोलावून स्पष्ट हुकूम दिला की तिथं पोचल्यावर प्रत्येक सेक्शनला पंधरा मिनिटं मी स्वतः हे सांगायचं. मी डायरीत लिहून घेतलं.

तिथं पोचलो. काटेरी तारेचा बेस, लाल माती, पांढऱ्या गाड्या. सकाळी सव्वासातला नाश्त्यानंतर कॅप्सूल परेड. प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली, मी कॅप्सूल द्यायची, त्यानं गिळायची, मग हवालदार मेजर टॉर्च मारून तोंडात बघणार. जीभ वर, जीभ बाजूला. कारण पोरं गालात ठेवून नंतर थुंकायची. कुणीतरी उठवलं होतं की या कॅप्सूलनं माणूस नामर्द होतो. जयेशचं लग्न ठरत होतं, त्यामुळे त्याला सगळे रोज विचारायचे, काय मढवी, आज गिळली की वाचवलीस? तो म्हणायचा, आमच्या घरान्यात सात पिढ्या खाडीचा पानी पिऊन झाल्या, कॅप्सूल काय करतंय.

पाच महिने आमच्या कंपनीत एकालाही मलेरिया झाला नाही. हवालदार मेजरना त्याचा अभिमान होता. मलाही. आणि म्हणूनच ती पंधरा मिनिटं मी दिली नाहीत. आज देतो, उद्या देतो. टॉर्च चालू होता, कॅप्सूल पोटात जात होती, का जाते हे सांगायची निकड कुणाला होती? एकशे अठरा माणसं रोज एक गोष्ट बिनचूक करत होती आणि त्यातल्या एकालाही ती कशासाठी ते माहीत नव्हतं. माहीत होतं ते मला. फौजेत आम्ही याला शिस्त म्हणतो. टॉर्च धरणारा माणूस बरोबर असेपर्यंतच ती चालते.

जयेशची महिन्याची रजा सहाव्या महिन्यात लागली. सोमवारी सकाळी आठचं हेलिकॉप्टर. घरी बुधवारी पोचणार, आणि त्याच्यापुढं चौदा दिवसांनी साखरपुडा, मुलगी उलव्याची. मी हेलिपॅडवर जाऊन त्याला अठ्ठावीस कॅप्सूलचं पाकीट दिलं. रजिस्टरवर सही घेतली.

तो म्हणाला, "ही कशाला? आपले मच्छर घरचे. वलखतान मना."

मी हसलो. म्हटलं, घे बाबा, आणि घेत जा. हेलिकॉप्टरचा आवाज लांबून यायला लागला होता. एवढंच सांगितलं मी. किती दिवस, का, ताप आला तर काय, यातलं काही नाही. त्यानं पाकीट घेतलं, मला हात केला आणि मी एमआय रूमकडे वळलो. ते पाकीट नंतर त्याच्या बराकीतल्या पेटीत सापडलं. हेलिकॉप्टरला दहा मिनिटं होती, तेवढ्यात परत जाऊन ठेवून आला असणार. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जागेवर होत्या.

पुढचं मला नंतर त्याच्या धाकट्या भावाकडून, धीरजकडून कळलं. तो तुर्भ्याला गोदामात कामाला आहे.

घरी पोचल्याच्या अकराव्या दिवशी, शनिवारी, जयेशला थंडी वाजून ताप आला. मेडिकलमधून गोळी आणली. उतरला, पुन्हा चढला. रविवारी आई त्याला गल्लीतल्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरनं विचारलं, बाहेरगावी गेला होता का? आईनं सांगितलं, पुन्याशी आयलाय, पलटन तिथं असते. जयेश बाजूला बसला होता. गप्प राहिला.

का सांगितलं असं? तर साखरपुडा तीन दिवसांवर होता. आणि कोरोनाच्या वेळी जयेशच्या वडिलांना हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा शेजाऱ्यांनी यांच्या जिन्याला बांबू बांधला होता. वडील गेले, तरी पंधरा दिवस बांबू सुटला नव्हता. 'आफ्रिकेचा ताप' हा शब्द बोनकोड्यातून उलव्याला पोचायला किती वेळ लागतो, हे त्या बाईला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी तिला दोष देत नाही. जिन्याला बांबू बांधणाऱ्यांना देतो.

डॉक्टर म्हणाले व्हायरल. सोमवारी रक्त तपासलं, प्लेटलेट उतरलेल्या. मग डेंग्यू म्हणाले, सलाइन लावलं. मंगळवारी सकाळी जयेश धीरजला 'हाजिर साब' म्हणायला लागला. धीरज घाबरला आणि मला फोन करत सुटला. मी रविवारपासून लाँग रेंज पेट्रोलवर, म्हणजे लांबच्या गस्तीवर होतो, बेसपासून दोन दिवसांच्या वाटेवर. तिथं फोनला रेंज नाही. शेवटी त्यानं देशात मागं राहिलेल्या आमच्या रिअर पार्टीचा नंबर शोधला आणि तिथून निरोप आरएमओ साहेबांना मिळाला.

आमच्या घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. नवी मुंबईत तीन पन्नास. आम्ही एका कोरड्या ओढ्यापाशी गाड्या थांबवल्या होत्या. रेडिओवर माझं नाव आलं.

"डॉक्टर बोल रहा हूँ. मढवी को कैप्सूल दिया था? ओव्हर."

"दिया था सर. अट्ठाईस. रजिस्टर में एन्ट्री है. ओव्हर."

"रजिस्टर नहीं पूछा. क्यों खाना है, बताया था? ओव्हर."

मी बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"लेक्चर के रोल पे साइन है सर. ओव्हर."

"साइन भी नहीं पूछा. बताया था या नहीं?"

ते ओव्हर म्हणायचं विसरले. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता.

"नहीं सर. ओव्हर."

"आउट."

आरएमओ साहेबांनी बेसवरूनच सॅटेलाइट फोननं धीरजला गाठलं आणि नीट सांगून पाठवलं: आत्ता उठव, मोठ्या हॉस्पिटलात ने, दारातच सांग की हा आफ्रिकेतून आलाय, मलेरियाची तपासणी करा. धीरजनं तसंच केलं. पंधरा मिनिटांत रिपोर्ट आला, फॅल्सिपेरम, मलेरियातला सगळ्यात घातक प्रकार. मेंदूपर्यंत पोचला होता. इंजेक्शन सुरू झालं, तोवर मूत्रपिंडं बंद पडत आली होती. बुधवारी, साखरपुड्याच्या दिवशी, तो व्हेंटिलेटरवर होता. उलव्याहून मुलगी आणि तिचे वडील आले आणि आयसीयूबाहेर संध्याकाळपर्यंत बसून राहिले. ज्यांच्यापासून लपवायचं होतं, ते लोक असे निघाले. गुरुवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी जयेश गेला. वय सत्तावीस.

चौकशी झाली. रोल बाहेर आला. एकशे अठरा सह्या, त्यात जयेशची गेरूच्या ठशासकट. मी जबानीत जे घडलं ते सगळं सांगितलं: हॉल, खुर्च्या, दगड, डायरीतला हुकूम. आरएमओ साहेबांनीही सांगितलं. दोन्ही जबान्या टाइप झाल्या आणि फाइलच्या मागच्या बाजूला लागल्या. पुढच्या पानावर निष्कर्ष आला. सदर जवानास आवश्यक सूचना देण्यात आल्या होत्या, त्याने त्यांचे पालन केले नाही. म्हणजे ज्याला कुणी काही सांगितलं नाही तोच दोषी. आणि पुरावा कुठला, तर मी फिरवलेला कागद. मला चौदा दिवसांची सजा झाली. ती मला कमी वाटली, पण ते विचारत नाहीत.

मिशन संपताना बेसमध्ये एक स्मारक उभं राहिलं. वर्षभरात गेलेल्यांची नावं. जयेशचं नाही. तो रजेवर, घरी, आजारानं गेला, असा नियम दाखवला गेला. डास तिथलाच होता, ड्युटीवर चावलेला. पण डासाची नोंद नसते.

रजेवर आल्यावर मी बोनकोड्याला गेलो. त्याच्या आईनं पाणी दिलं, बसवलं. मी सगळं सांगितलं. सहीचंही. तिनं माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. मग म्हणाली, "मना कोनी सांगितलाच नाय रं बाला. कोनी एक फोन केला असता ना, आफ्रिकेशी आयलाय, ताप आयला तर सांग. मी नसता सांगितला काय? पोरापुढं साखरपुडा कंचा?"

मी म्हटलं, "काकी, तो फोन माझा होता."

ती म्हणाली, "मंग आता कर. दुसऱ्यांच्या आयांना कर."

ते करतोय. पत्रक म्हणजे तोच फोन आहे. आणि म्हणून तुर्भ्याच्या त्या हॉलात मी फॉर्म हिसकावले, धक्काबुक्की झाली, एजंटनं पोलीस बोलावले. अकरातल्या चार जणांनी सही केली नाही. ते लस टोचायला गेले. सात जण कोरा दंड घेऊन शिक्का मारलेल्या कार्डावर निघून गेले. त्यांच्या घरचे पत्ते मी मिळवलेत. एकेका दारात जाऊन येतोय. दोन घरांत मला हाकललं: अपशकुनी बोलू नका, भाऊ. बोलणार. हाकला.

जयेश मढवी कसा होता हे त्या फाइलमध्ये नाही, म्हणून इथं लिहितो. तो तांदळाच्या भाकऱ्या थापायचा, हातावर, पाण्यावर. तेलाच्या पिंपाचं झाकण तवा म्हणून वापरायचा, आणि रविवारी अर्धी कंपनी त्याच्यासमोर ताटं घेऊन उभी राहायची. हवालदार मेजरसुद्धा रांगेत. आफ्रिकेत पुराच्या वेळी उलटलेल्या होडीतून त्यानं तिथली दोन माणसं ओढून काढली होती, आणि त्यावर कुणी बोललं तर म्हणायचा, खाडीवरच्या पोराला पोहायचं बक्षीस देतात काय. त्याला फौजेत अजून आठ-दहा वर्षं काढायची होती. मग गावात पोरांना भरतीसाठी पळवायचं होतं, फुकट.

आता तुम्हाला सांगतो, तुम्ही जो कोण हे वाचताय. तुमच्या घरातून, मजल्यावरून, सोसायटीतून कुणी परदेशी निघालं असेल तर आजच त्याच्यासमोर जाऊन बसा. त्या देशात कुठला आजार आहे, कुठली लस निघण्याच्या किती दिवस आधी लागते, कुठली गोळी परत आल्यावर किती दिवस चालू ठेवायची, हे त्याच्या तोंडून वदवून घ्या. त्याला येत नसेल तर सरकारी लसीकरण केंद्रात त्याला स्वतः घेऊन जा. आणि कुणी परत आलं असेल, महिना झाला नसेल, आणि अंग गरम लागत असेल, तर दवाखान्याच्या दारातच त्या देशाचं नाव मोठ्यानं सांगा. शेजारी ऐकतील. ऐकू द्या. त्यांनी तुमच्या जिन्याला बांबू बांधला तर मला बोलवा, मी सोडायला येतो. पण तुम्ही नाव सांगा.